मयताचा भरणा

१

लवू धुरी वारल्यानंतर त्याने क्रेडिट कार्डाचे पैसे तीनदा भरले होते. निदान कोर्टाचे कागद तरी तसंच म्हणत होते.

मृणालिनी आपट्यांनी चष्मा पुसला आणि तो तक्ता पुन्हा वाचला. समोर लवूची बायको कुंदा बसली होती, स्टुलाच्या अगदी कडेला, नीट टेकून बसलं तर कोणी उठवील अशी. चारकोपच्या त्या इमारतीत आपटे बाई तळमजल्यावर आणि कुंदा दुसऱ्या मजल्यावर. बाईंना शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गणित त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. इमारतीतली पोरं अजूनही संध्याकाळी त्यांच्याकडे अपूर्णांक घेऊन यायची, आणि मोठी माणसं आपापले कागद घेऊन.

"बाई, काय ते एकदाच सांगून टाका," कुंदा म्हणाली. "सिद्धेश म्हणतो, फाडून टाक, असली पत्रं सगळ्यांना येतात. सूनबाई म्हणते, थोडे भरून मिटवूया. माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

"हे पत्र नव्हे, कुंदा. समन्स आहे. फाडलंस तर तुझी बाजू न ऐकताच निकाल लागेल. आणि थोडेसुद्धा भरायचे नाहीत, आत्ता तर मुळीच नाहीत. आधी समजून घेऊ."

बाईंनी तिला सावकाश समजावलं. लवूच्या कार्डाची थकबाकी होती. बँकेने ते जुनं येणं एका वसुली कंपनीला विकलं. व्याज धरून ते चार लाखांवर गेलं होतं, आणि कंपनी ते लवूच्या वारसांकडे मागत होती. लवूच्या मागे मालमत्ता म्हणावी अशी एकच, ती म्हणजे ही दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा.

"म्हणजे घर?" कुंदाने विचारलं.

बाईंचं बोट तक्त्यावर थांबलं होतं. लवूने स्वतः शेवटचे पैसे भरले ते आजारी पडण्यापूर्वी, मे महिन्यात. जुलैमध्ये तो गेला. त्यानंतरच्या वर्षी पाच ऑक्टोबरला तीन हजार रोख. पुढच्या वर्षी तेवीस सप्टेंबरला तीन हजार. त्याच्या पुढच्या वर्षी तेरा सप्टेंबरला पुन्हा तीन हजार.

"कुंदा," त्यांनी हळूच विचारलं, "लवू गेल्यावर हे पैसे कोणी भरले गं?"

२

"हाच तर सगळा खेळ आहे, बाई," गंधाली म्हणाली. गंधाली बोरिवलीत वकिली करायची. सातवीत असताना ती बाईंच्या हातच्या छड्या खात नसे, कारण बाई छडी मारतच नसत. त्या फक्त "पुन्हा बघ" म्हणत. आता ती स्वतःच कागद पुन्हा पुन्हा बघत होती.

समोर कुंदा, तिचा मुलगा सिद्धेश आणि सून श्रुतिका ओळीने बसले होते.

"कार्डाच्या पैशासाठी दावा लावायची मुदत तीन वर्षं. लवूकाकांनी शेवटचे पैसे भरले, तिथून मोजलं तर कंपनीला उशीर झालाय. पण मध्ये कोणी पैसे भरले तर मुदत नव्याने सुरू होते. म्हणून कंपनी या तीन भरण्यांवर बोट ठेवून बसलीय."

"मग वाट लागली ना आमची," सिद्धेश म्हणाला.

"थांब रे. कोणीही भरून चालत नाही. ज्याच्यावर देणं आहे त्याने, किंवा त्याने सांगून पाठवलेल्या माणसाने भरले पाहिजेत. तुम्हा दोघा वारसांपैकी कोणी भरले असतील किंवा कोणाकरवी भरवले असतील, तर आपली बाजू लंगडी पडते. भरले नसतील, तर कोणी भरले ते मला कोर्टाला सांगता आलं पाहिजे. नुसतं 'आम्ही नाही' म्हटलं तर कोण विश्वास ठेवील?"

"वसुलीवाल्यानेच भरले असतील," श्रुतिका म्हणाली. "मुदत वाढवायला."

"तसं करणारे असतात. पण सिद्ध करावं लागेल. महिन्याभरात कैफियत द्यायची आहे, म्हणजे आपली लेखी बाजू. तोवर मला खरं हवं. सोयीचं नको, खरं."

मग सिद्धेशने आईकडे न बघता विचारलं, "आई, तू तर नाही ना भरलेस?"

कुंदा त्याच्याकडे वळली.

"मी?" ती म्हणाली. "अरे, मी इतके दिवस गप्प बसलेय, ते तू भरलेस असं समजून!"

३

बाईंची एक जुनी पद्धत होती. वर्गात कोणाची पट्टी हरवली की त्या सगळ्यांना एकदम विचारत नसत. एकेकाला मधल्या सुट्टीत बोलावत, हातात बिस्कीट ठेवत आणि म्हणत, "पट्टीचं राहू दे. तुला काय टोचतंय ते सांग."

सिद्धेश आला तो चहा घेणार नाही म्हणत आला आणि दोन कप प्याला.

"मी नाही भरले, बाई. पण ते कार्डाचं कर्ज माझ्यामुळेच झालं असणार. माझ्या डिप्लोमाची शेवटची फी बाबांनी कुठून आणली ते कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर…"

"तर बाबांनी विषय बदलला असता. मी ओळखत होते त्यांना."

कुंदाला वाटत होतं, कर्ज तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपायी झालं. प्रत्येकाने कर्जाचं गाठोडं आपल्याच डोक्यावर घेतलं होतं, आणि भरणा मात्र प्रत्येकाला दुसऱ्याचा वाटत होता. घरात तिघं माणसं, आणि आठवडाभर जेवताना फक्त भांडी वाजत होती.

श्रुतिका शेवटी आली. दार लोटून घेतलं आणि उभ्याउभ्याच रडायला लागली.

"बाई, माझ्यामुळे घर जाणार."

"आधी बस. मग जाऊ दे."

ती रडता रडता हसली. "तो वसुलीचा माणूस आहे ना, धवल, त्याचा फोन यायचा. आईंना ऐकू येऊ नये म्हणून मी जिन्यात जाऊन बोलायचे. दिवाळीनंतर एकदा त्याला म्हणाले, 'देऊ हो, थोडे थोडे देऊ.' म्हणजे मी कर्ज कबूल केलं ना?"

"लिहून दिलंस? मेसेज?"

"नाही. नुसतं बोलले."

"पैसे?"

"एक रुपया नाही. देवाशपथ."

"मग रडू नकोस. तोंडी बोलण्याने मुदत वाढत नाही, ते मी गंधालीला विचारून ठेवलंय. पण त्या धवलचा नंबर दे मला."

श्रुतिकाने नंबर दिला आणि घाबरून म्हणाली, "बाई, तो फार उद्धट आहे. तुम्हाला काहीबाही बोलेल."

४

धवल आला तेव्हा बाईंनी त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि पंखा त्याच्याकडे वळवला. पाच मिनिटांत त्याचा उद्धटपणा घामासारखा वाळून गेला.

"कितवीपर्यंत शिकलास?"

"बी.कॉम., मॅडम."

"मग मला साधा हिशेब समजावून दे. हे पैसे तूच भरलेस, असं लोक म्हणतात."

धवल उसळला. "मी? मॅडम, माझा पगार बघितलाय? मी माझ्या आईचं लाइटबिल उशिरा भरतो! आणि हे खातं माझ्याकडे आलंच गेल्या दिवाळीत. सगळे भरणे त्याच्या आधीचे आहेत."

"तुझ्या आधी कोणी असेल."

"असेल ना. पण आमची पळापळ असते मार्चमध्ये, टार्गेटसाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोण खिशातले घालणार? आणि मुदत वाढवायचीच, तर एकदा भरून काम होतं. दरवर्षी येऊन कोण भरतंय? एवढा येडा कोणी नाय आमच्यात."

बाईंना ते पटलं. वाईट हेतू नेहमी काटकसरी असतो, हे त्यांनी शाळेच्या कमिटीतही पाहिलं होतं.

"रोख पैसे कुठे भरतात रे?"

"बिलं भरायची दुकानं असतात ना, तिथे. नाव नाही, गाव नाही. फक्त कार्डाचा पूर्ण नंबर द्यायचा."

"पूर्ण नंबर कोणाला माहीत असतो?"

"ज्याच्या हातात कार्ड आहे त्याला. बिलावर सगळे आकडे छापत नाहीत."

धवल गेल्यावर बाई धापा टाकत दोन जिने चढल्या. कुंदा तांदूळ निवडत होती.

"कुंदा, लवूचं ते कार्ड कुठाय?"

"कार्ड?" कुंदाचा हात ताटात थांबला. "बाई, ते गेल्यावर मी कपाट, पाकीट, बॅग, सगळं लावलं. रेशनकार्ड सापडलं, लायब्ररीचं कार्ड सापडलं. ते कार्ड मी आजपर्यंत डोळ्यांनी बघितलेलं नाही."

५

म्हणजे पैसे भरणाऱ्याजवळ लवूचं कार्ड होतं. आणि तो वर्षातून एकदाच यायचा.

बाईंनी तीन तारखा कागदावर एकाखाली एक लिहिल्या. पाच ऑक्टोबर. तेवीस सप्टेंबर. तेरा सप्टेंबर. पोरांना त्या नेहमी सांगत, आकडे समजले नाहीत तर त्यांच्याकडे टक लावून बसू नये. ते कुठून निघाले आणि कुठे चाललेत ते बघावं. हे आकडे मागे चालले होते. दर वर्षी दहाबारा दिवसांनी मागे. पगाराची तारीख अशी सरकत नाही. वाढदिवसही सरकत नाही.

मग अशी सरकते ती काय?

त्यांना एकदम हसू आलं. मुंबईत राहून हा प्रश्न पडावा! ज्या वर्षी गणपती दहाबारा दिवस आधी येत, त्या वर्षी मंडळाची पोरं वर्गणीला लवकर दारात उभी राहत. तारखा इंग्रजी होत्या, पण त्या चालत होत्या तिथीने.

जुनी कॅलेंडरं बाई टाकत नसत. कोऱ्या पाठीवर पोरांना गणितं करायला देत. तीन वर्षांची पानं त्यांनी उलटून पाहिली. तिन्ही तारखा पितृपक्षातल्या. तिन्ही दिवशी एकच तिथी, सप्तमी.

त्या पुन्हा दोन जिने चढल्या. या वेळी धाप लागल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"लवूची तिथी कोणती?"

"सप्तमी," कुंदा म्हणाली. "आषाढातली. पण आम्ही सप्तमीला काय करत नाही, बाई. सिद्धेशला रजा मिळत नाही. सर्वपित्रीला पान वाढतो, त्यातच सगळे आले."

"म्हणजे या घरात सप्तमी पाळत नाहीत. मग कोण पाळतं?"

"कोण पाळणार? सासू-सासरे कधीच गेले."

"मला दहाव्याचं सांग. कोणकोण होतं?"

कुंदाने ताट बाजूला सरकवलं. "त्याचं काय सांगू? कावळा शिवेना. पिंड ठेवून ऊन डोक्यावर आलं. सिद्धेश म्हणाला, आईला सांभाळीन. नाही आला. मी म्हटलं, गावच्या देवीची ओटी भरीन. नाही आला. भटजीपण कंटाळले, म्हणाले, दर्भाचा कावळा करू. तेव्हा निलेश पुढे आला."

"निलेश?"

"यांचा धाकटा भाऊ. दूर भिंतीशी उभा होता. यांच्या आजारपणात एकदा हॉस्पिटलात फिरकला नाही. गेल्यावर आला, तर मी दारातच म्हटलं, 'आता इलंस? आता कोणाक बघूक इलंस?' तो तसाच परत फिरला. पण दहाव्याला आला. चपला काढल्या, हात जोडले, ओठ हलले. काय बोलला ते कोणाला कळलं नाही. आणि बाई, खरं सांगते, कावळा आला."

"मग?"

"मग काय? आम्ही म्हटलं, कावळ्याला भूक लागली असेल. निलेश कोणाशी न बोलता निघून गेला. त्यानंतर या घराची पायरी चढला नाही."

बाईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. ज्याला या घराच्या दारात उभं राहता येत नव्हतं, त्याला पैसे कुंदाच्या हातात देता येणार नव्हते. ज्याने कावळ्यापुढे शब्द दिला होता, तो तिथी चुकवणार नव्हता.

"कुंदा," त्या म्हणाल्या, "निलेश राहतो कुठे?"

६

विक्रोळीच्या चाळीत निलेशची एकच खोली होती. त्याने बाईंना एकुलती एक खुर्ची दिली आणि स्वतः जमिनीवर बसला. पन्नाशीचा माणूस, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी हातांवर बारीक डाग पडलेले.

बाईंनी आडवळण घेतलं नाही. "सप्तमीला पैसे तुम्ही भरता ना?"

तो उठला, देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या तसबिरीमागे हात घातला आणि कार्ड बाईंच्या हातात ठेवलं. त्यावरचं लवूचं नाव अर्धं झिजलं होतं.

"दादाने दिलं होतं. मी ग्रिलचं वर्कशॉप काढलं, तेव्हा मशीन घ्यायला पैसे नव्हते. दादा म्हणाला, यावर घे, मला हप्ते दे, वहिनीला बोलू नको. वर्षभर दिले. मग वर्कशॉप बसलं. दादा स्वतःच्या पगारातून भरत राहिला. तो आजारी पडला तेव्हा मी हॉस्पिटलच्या गेटपर्यंत जायचो, बाई. चारदा गेलो. रिकाम्या हाताने वर कसा जाऊ?"

"आणि मग तिथीला भरायला लागलात."

"लोक पान वाढतात. माझ्या हातचं पान दादाला कुठलं गोड लागणार? म्हटलं, त्या दिवशी त्याचं थोडं ओझं कमी करावं. वर्षभर बाजूला टाकून जमतात तेवढे."

बाईंनी त्याला सारं सांगितलं. दावा, मुदत, घर. ऐकता ऐकता त्याने बाईंना मध्येच थांबवलं.

"म्हणजे मी भरले म्हणून वहिनीच्या घरावर आलं?"

"तुम्ही भरलेत म्हणूनच ते टळेलही. तुम्ही वारस नाही. तुम्हाला कोणी पाठवलं नव्हतं. तेवढं खरंखरं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या, म्हणजे त्या भरण्यांनी मुदत वाढत नाही."

त्याने मान खाली घातली.

"सही करणार नाही, बाई."

"का?"

"सही केली की दादाचं कर्ज बुडालं. मी त्याला शब्द दिलाय. माणसाला दिलेला शब्द फिरवता येतो, मेलेल्याला दिलेला कसा फिरवू?"

बाई आयुष्यभर पोरांची उत्तरं तपासत आल्या होत्या. उत्तर अडलं की त्या उत्तराकडे बघत नसत, प्रश्न पुन्हा वाचायला लावत.

"निलेश, कावळ्यासमोर तुम्ही नक्की काय बोललात? अर्थ नको. शब्द सांगा, होते तसे."

त्याने डोळे मिटले. ओठ हलले, तेव्हा हलले असतील तसेच.

"'दादा, तुझ्या कर्जापायी वयनीच्या डोक्यावरचा छप्पर मी जावक देवचंय नाय.'"

बोलून झाल्यावर त्याने डोळे उघडले. बाई त्याच्याकडे बघत होत्या, फळ्यापुढे अडलेल्या मुलाकडे बघत तशा, घाई न करता.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या.

त्याने पुन्हा म्हटलं. या वेळी 'छप्पर' शब्दाशी तो थांबला.

"पेन आहे का, बाई?" त्याने विचारलं.

७

गंधालीने कैफियत आणि सोबत निलेशचं प्रतिज्ञापत्र मुदतीच्या आत दाखल केलं. प्रतिज्ञापत्राच्या मसुद्यात तिने आधी लिहिलं होतं, "माझा प्रतिवादींशी काहीही संबंध नाही." कुंदाने ते वाचलं आणि कागद परत सरकवला.

"हे खोटं आहे. दीर आहे तो माझा."

"काकू, कायद्याच्या दृष्टीने…"

"तू खरं हवं म्हणाली होतीस ना?"

गंधालीने बाईंकडे पाहिलं. बाई नुसत्या म्हणाल्या, "पुन्हा बघ."

तिने ओळ खोडली. नवी लिहिली: मी मयताचा धाकटा भाऊ आहे. पैसे मी माझ्या इच्छेने भरले. वहिनीने किंवा पुतण्याने मला सांगितलं नव्हतं, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. एवढं पुरेसं होतं, आणि सगळंच्या सगळं खरं होतं. कोर्टाच्या तिसऱ्या तारखेला कंपनीच्या वकिलाने ते प्रतिज्ञापत्र दोनदा चाळलं, फोनवर कोणाशी तरी बोलला आणि दावा मागे घेतला.

त्या संध्याकाळी गंधालीने पेढे आणले. सिद्धेशने खाली येऊन बाईंना हाताला धरून वर नेलं, आणि मागून निलेश आला. दुसऱ्या मजल्यावर सगळे आत गेले, तो मात्र उंबऱ्याबाहेर उभा राहिला, चपला पायांतच.

कुंदा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. बाईंना वाटलं, आता ही रडेल, नाही तर तो तरी रडेल. कुंदाने कमरेवर हात ठेवला.

"भायर कित्याक उभो रवलंस? भितर ये. ही खिडकी बघ."

तो गोंधळून आत आला. खिडकीच्या ग्रिलने गंजून पोपडे धरले होते, एक गज तर नुसता रंगावर उभा होता.

"घर ऱ्हवता की जाता ह्याचोच पत्तो नाय, म्हणान हात लावूक नाय," कुंदा म्हणाली. "आता ऱ्हवलां. माप घे."

निलेशने श्रुतिकाकडून शिवणाची टेप मागून घेतली. लांबी घेतली, उंची घेतली, सिद्धेशने टेपचं दुसरं टोक धरलं. खिडकीकडेच तोंड ठेवून तो म्हणाला, "वयनी, मी पैसे घेवचंय नाय हां."

"देता कोण तुका!" कुंदा म्हणाली, आणि त्याच्यासाठी ताट घ्यायला आत वळली.